दिलिया मावशीच्या आईचं आडनाव

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज मी काढतो: पाद्रीबाबांची शिंक, बसवाल्याची शिवी, झालंच तर बापाचं घोरणं. अख्खं बारांकिया शहर माझ्या कलेपुढे लोटांगण घालणार होतं, तेवढ्यात कोपऱ्यावर अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, म्हणजे अरेपा, तळणाऱ्या दिलिया मावशीचा फोन उकळत्या तेलात पडला.

नवा फोन आला, पण जुनं खातं उघडेना. पासवर्ड मावशी विसरलेली. आत तिच्या आईनं बोलून पाठवलेले निरोप होते, आणि आई गेल्या वर्षी वारली. दिलासा म्हणून मी म्हातारीचा आवाज काढला, तर मावशीनं झारा उगारला. "मेल्या, मला माझी आई हवीय, तुझं माकड नको!"

कंपनीला फोन मीच लावला, मावशीच्या आवाजात. पलीकडे राजधानीतली मधाळ पोरगी. "तुमच्या सुरक्षेसाठी, बाईसाहेब, आपल्या आईचं आडनाव?" मला हसूच आलं. आमच्याकडे बापाच्या आडनावामागे आईचं जन्मभर चिकटलेलं असतं. मावशीच्या तर गाड्यावरच रंगवलंय: दिलिया पेर्तुस बार्रासा. मी ठसक्यात म्हणालो, "बार्रासा." चूक. मग, बहिरी आहेस का, अशा थाटात पुन्हा "बार्रासा." पुन्हा चूक. आता एकच संधी उरली. तीही हुकली तर खातं कायमचं बंद.

मावशीनं कपाळावर हात मारला. "गाढवा, गाड्यावर लिहिलेलं कुलूप कोण लावेल? मी दुसरंच टाकलं होतं."

"कुणाचं?"

तिनं हळूच नवऱ्याकडे पाहिलं. एलिएसेरकाका शेजारच्या स्टुलावर कान टवकारून बसलेले. "लग्नाआधीचं आहे रे," ती पुटपुटली. कढई सोडून जाता येईना. फोन कानाशी धरून ती कुजबुजली, तर पोरगी म्हणते, "जरा मोठ्यानं, बाईसाहेब."

मी भिंतीआड पळालो आणि काकांच्या डोमिनोतल्या जोडीदाराच्या, नाफेरच्या आवाजात ओरडलो, "एलिएसेर! डोमिनो मांडलाय, येतोस की म्हातारा झालास?"

काका उठले, चपला ओढत कोपऱ्यापलीकडे गेले. मावशीनं आडनाव सांगितलं. भिंतीआड असल्यामुळे मलाही ऐकू आलं नाही. एवढा झकास आवाज काढला आणि बक्षीस हुकलं!

परतलो तर फोनमधून म्हातारी बोलत होती, "दिलिया, मीठ बेतानं घाल गं." मावशी डोळे पुसत होती. अरेपा करपत होत्या.

काका रमतगमत परत आले. मी साळसूदपणे विचारलं, "झाला का डाव?"

"कुणाशी खेळू? नाफेर गेलाय लेकीकडे सान्ता मार्ताला." माझ्याकडे न बघता त्यांनी एक करपलेली अरेपा उचलली. "आणि तो नाकात बोलतो. तू घशातून बोललास."