टाकीच्या झाकणावर आक्का

आक्का बसायच्या कुठे, तर लोकांच्या संडासाच्या टाकीच्या झाकणावर. लाल प्लास्टिकची खुर्ची टाकायच्या, मांडीवर सूप घ्यायच्या आणि खुशाल गहू निवडत बसायच्या. वास असा की येणारा-जाणारा नाकाला रुमाल लावून पळायचा. कोणी हटकलं की ठरलेलं उत्तर, "गाडी येस तवलोंग मी आठेच बठेल शे." गाडी येईपर्यंत मी इथून हलत नाही.

गाडी म्हणजे पालिकेची, मैला ओढणारी. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या शहरात घरटी एक टाकी. ती बांधायची, वर ओटा घालायचा, फरशी बसवायची आणि टाकी नाहीच असं समजून संसार करायचा, ही आमची रीत. मग एक दिवस ती तुंबते आणि अंगणात घाण पाणी येतं. गाडी त्या वेळी एकच होती, नंबर लागेपर्यंत थांबायला कोणाला धीर नसायचा. नाक्यावरून दोन मजूर आणायचे, हातात बादली-दोर द्यायचा आणि आत उतरवायचं. कायद्याने हे बंद आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आक्का त्यासाठीच झाकणावर बसत. म्हातारी बाई वर बसलेली असताना झाकण उघडणार कोण?

लोक म्हणाले, निवडणुकीची नाटकं आहेत. आक्का निवडून आल्या आणि तरीही बसत राहिल्या, तेव्हा म्हणाले, डोकं फिरलंय. सभागृहात बाकीचे कमानी आणि चौकांचं सुशोभीकरण मागायचे. आक्का गाडीसाठी लांब पाइप मागायच्या. साहेब हसले तर म्हणायच्या, "हसा, पन पाइप द्या." पाइप मिळाला. मग दुसरी गाडी आली, टाकी तुंबायची वाट न बघता गल्लीगल्लीने उपसायचं ठरलं, आणि पूर्वी नाल्यात ओतला जाणारा मैला शहराबाहेरच्या प्रक्रिया केंद्रात जाऊ लागला. हे सगळं एकट्या आक्कांनी केलं असं मी म्हणणार नाही. पण गाडीला वाट हवी म्हणून गल्लीतले ओटे फोडायची वेळ आली, तेव्हा पहिला घण त्यांनी स्वतःच्या ओट्यावर घालायला लावला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

त्याआधीची गोष्ट माझ्या हळदीच्या दिवसाची. आक्का तेव्हा नगरसेविका नव्हत्या, आमच्या समोरच्या घरातल्या शेजारीण होत्या. सकाळीच आमची टाकी तुंबली. मांडव पाहुण्यांनी भरलेला, आणि न्हाणीघरात पाऊल ठेवायची सोय नाही. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, घाईघाईने नाक्यावर गेले आणि डोंगरातल्या मोलगीकडचे दोन मजूर घेऊन आले. ते झाकणाशी पोचेस्तोवर आक्कांची खुर्ची तिथे हजर.

आप्पांनी हात जोडले, मग आवाज चढवला. आक्का गहू निवडत राहिल्या. त्यांनी दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "नाव काय तुन्हं?"

"रायसिंग."

"घरमा कोन शे?"

"बायको. पोरगी."

आक्का आप्पांकडे वळल्या. "हाऊ खाले गया आनि वर उना नही, ते यानी पोरले तुम्ही पोसशात का, भाऊ?" हा खाली गेला आणि वर आलाच नाही, तर याची पोरगी तुम्ही पोसाल का?

आप्पा लाल झाले. हळदीच्या अंगाने मी दारात उभी होते आणि मला त्या बाईचा भयंकर राग आला होता. गाडी यायला दुपार झाली. मांडवाचे पुढचे खांब काढावे लागले, तेव्हा कुठे ती आत शिरली. तोवर आक्कांनी खुर्चीवरूनच पाहुण्यांची वाटणी करून टाकली होती: मावशा मास्तरांकडे, आत्या सोनारांकडे, पुरुष मंडळी आक्कांच्या घरी. माझ्या हळदीला अख्ख्या गल्लीने संडास उघडे ठेवले. सासरी अजून हा विषय निघतो. मजुरांची दिवसाची मजुरी आक्कांनी आप्पांना द्यायला लावली, ती वेगळीच. आप्पांनी त्या दिवसापासून अबोला धरला.

पुढे माहेरी आले असताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे वेड लागलं कुठून? सुपातले खडे वेचत त्या म्हणाल्या, "मन्हा माहेरना गोबरगॅसना खड्डामा आमना सालदार उतरना, वर उना नही. मन्हाच बापनी त्याले उतारं व्हतं." त्यांच्याच वडिलांनी उतरवलेला तो सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, लहानपणी त्यांना खांद्यावर बसवून केळीच्या मळ्यात न्यायचा. एवढं सांगून त्यांनी मला चहा ठेवायला पिटाळलं.

आप्पांचा अबोला सुटला तो आमचुरामुळे. बाजारात एक माणूस आमचूर विकत बसला होता, शेजारी त्याची मुलगी शाळेच्या गणवेशात. त्याने आप्पांना ओळखलं. "शेठ, ती खुर्चीवाली बाई बरी आहे ना?" म्हणाला आणि आक्कांसाठी आमचुराची पुडी बांधून दिली. रायसिंगच तो. आप्पा घरी येऊन कितीतरी वेळ पुडी हातात धरून बसले. मग उठले, समोर गेले आणि दारातून म्हणाले, "आक्का, तुमच्यासाठी दिलंय." परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. आईने विचारलं तर म्हणाले, काही नाही, आमचूर झोंबलं.

आक्कांचं शेवटचं बोलणं मी ऐकलं ते गेल्या उन्हाळ्यात, माहेरी आले असताना. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं होतं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. गल्लीची उपसायची पाळी अजून आली नव्हती आणि नेमकी त्यांचीच टाकी तुंबली. पालिकेने उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. सुरतेहून आलेला मुलगा कातावला होता. आईचं हे असं, घरभर वास, माणसं येतायत. त्याचंही काय चुकलं? तो नाक्यावर गेला आणि दोन मजूर घेऊन आला.

आमचे आप्पा ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, आमची खुर्ची उचलली आणि काठी टेकत रस्ता ओलांडला. मी मागोमाग धावले. आप्पांनी खुर्ची झाकणावर ठेवली आणि बसले.

"काका, हे काय?" मुलगा म्हणाला.

"गाडी येस तवलोंग मी आठेच बठेल शे."

खिडकीशी आक्कांची खाट होती. आतून तो ओळखीचा, आता अगदी बारीक झालेला आवाज आला, "भाऊ, खुर्ची सावलीमा ल्या. डोकं तपी जाई."

आप्पांनी खुर्ची सावलीकडे सरकवली, पण झाकणावरून खाली घेतली नाही.