जादा तुकडा

दुरुस्त झालेली केबल समुद्रात परत सोडताना मी नेहमी कठड्याशी जाऊन उभा राहायचो. आमचं जहाज समुद्रतळाशी तुटलेल्या फोन-इंटरनेटच्या केबली सांधायचं. दोन्ही टोकं गळ टाकून वर आणली, की आता जोडली म्हणजे झालं, असं नवख्याला वाटतं. पण ती एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. तळाशी सरळ पसरलेली केबल डेकपर्यंत यायला पुरणार कशी? मध्ये नवा तुकडा घालावाच लागतो. मग खाली गेल्यावर ती पूर्वीसारखी सरळ पडत नाही, मोठं वळण घेऊन निवांत पहुडते.

ते वळण पाण्यात दिसेनासं होताना मी एकदा म्हणालो, "आता ही पहिल्यासारखी नाही राहिली."

केबल सांधणारे पागधरेकाका हात पुसत होते. "पहिल्यासारखी कशाला पायजे? बोलणं पोचलं म्हणजे झालं."

तुटलेलं जोडायचं तर पदरचं थोडं घालावं लागतं, असं काहीतरी माझ्या मनात घोळत राहिलं.

काकांच्या लेकीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. जहाजावर सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर काकांनी आमच्यासमोरच तिला स्पीकरवर फोन लावला. लग्नाचा विषय निघाला नाही. सुट्टीच्या दिवशी आम्हा सगळ्यांना स्वतः रांधून घालणारे काका, बोंबलाच्या कालवणात चिंच कधी घालायची, हे तिला विचारत होते.

आणि ती सावकाश, नीट समजावून सांगत होती.