नवऱ्याच्या शर्टांमागची बाटली

नवरा गेल्यापासून माझ्या खोलीचं दार आतून लागत नव्हतं. तसं मला कुणी बजावलं नव्हतं. तेराव्यानंतर सासूबाई आपली वळकटी घेऊन माझ्या खोलीत आल्या, "एकटी नको राहू गो" म्हणाल्या, आणि मग कडी लावायचं कारणच उरलं नाही. दिवसा मी धसईच्या शाळेत शिकवायची, संध्याकाळच्या एसटीने मुरबाडजवळच्या गावी परतायची. शाळेत सगळे हळू आवाजात बोलत. घरी सासूबाई मी पान उलटलं तरी मान वर करत.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं घ्यायला मी एका सहकारी बाईंबरोबर नाशिकला गेले. त्यांचं माहेर तिकडचं. परतताना त्यांनी मला भावाच्या द्राक्षमळ्यावर नेलं. मळा लहानच, घरच्यांनीच सांभाळलेला. मागच्या शेडमध्ये ते वाइन करत. भावजय ओसरीवर बसून बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. तिने स्टीलच्या पेल्यात थोडी लाल वाइन ओतून दिली. वाइन मला फक्त अनुवादित कादंबऱ्यांतून माहीत होती. गोड असेल असं वाटायचं. ही तुरट निघाली, आणि गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर राहिली. तेवढ्या वेळात मी कुणाचीच कुणी नव्हते. एका बऱ्या पुस्तकाच्या किमतीत बाटली मिळत होती. मी एक घेतली आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यात घालून घरी आणली.

ती ठेवायला घरात एकच जागा होती. कपाटात नवऱ्याचे शर्ट होते, त्यांना कुणी हात लावत नसे. बाटली मी त्यांच्यामागे ठेवली. घरी कुणी नसेल त्या दिवशी उघडायची असं ठरवलं. तसा दिवस काही आला नाही.

मग सर्वपित्री अमावस्या आली, वर्षश्राद्धानंतरची पहिलीच. आमच्या घरी त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. वडे, भोपळ्याची भाजी, खीर, आणि तो पिणारा असेल तर थोडी दारूही. पानाशेजारी त्याचा एखादा कपडा ठेवतात. मी चुलीपाशी वडे तळत होते. शर्ट काढायला सासूबाई खोलीत गेल्या आणि शर्टाबरोबर बाटली घेऊन बाहेर आल्या.

ओटीवर दीर आणि चुलत सासरे बसले होते. सासूबाईंनी बाटली त्यांच्यासमोर धरली. "बघा, दोन वर्सं झाली, तरी त्याची आठवण ठेवून आणलीन हिनं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. ती माझी आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिले.

दिरांनी चमच्याच्या दांड्याने बूच आत ढकललं. वाटीभर वाइन पानाशी ठेवली, उरलेली दोघांनी संपवली. चुलत सासरे म्हणाले, कोकमाच्या सरबताला एवढी मोठी बाटली कशाला.

दुपारी भांडी घासताना सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला मोहाची लागायची. ह्याला त्यानं हात पण नसता लावला."

मी कढई घासत राहिले.

"पण आता दर वर्साला आणावी लागेल. पितरांच्या पानावर एकदा ठेवलं की सोडता येत नाय."

तेव्हापासून दर भाद्रपदात मला नाशिकला जायची मोकळीक मिळाली, त्या एका बाटलीसाठी. गावातल्या बायका माझं कौतुक करत. मळ्यावरची भावजय न विचारता पेला भरायची, मी दुसऱ्यांदा मागून घ्यायची. घरी पोचल्यावर सासूबाई बाटली हातात घेत आणि विचारत, "चाखली नाय ना गो? पितरांचं आधी चाखत नाय."

मी "नाही" म्हणायची आणि चूळ भरायला मोरीत जायची.