पासवरची सोबत

सोबतबाईने जन्मात कधी रेल्वेचं तिकीट काढलं नव्हतं, आणि त्यात चोरीमारी काही नव्हती. नवरा आंधळा. त्याच्या पासवर ठसठशीत छापलेलं असायचं, ‘अंध प्रवासी व सोबत’. ती सोबत म्हणजे ही. लग्न झाल्यापासून पासवरच. तिकीट तपासणारेसुद्धा “काय सोबतबाई!” म्हणून हाक मारायचे. नवऱ्याशी भांडण झालं की तो हमखास म्हणायचा, “पास माझ्या नावावर आहे, लक्षात ठेव. मधल्या स्टेशनात उतरवून देईन.”

दोघं वेताच्या खुर्च्या विणायची. शाळा, वाचनालयं, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, जिथे जिथे माणसं बसून बसून खुर्चीच्या जाळीला भोक पाडतात तिथे यांना बोलावणं. ही वेताच्या पट्ट्या भिजवून हातात द्यायची, तो बोटांनी चाचपत विणायचा. गाडीत तो खिडकीशी बसायचा, कारण वारा लागायचा, आणि ही त्याला बाहेरचं सांगायची. कंटाळा आला की बिनदिक्कत थापा मारायची. “अहो, नदीत उंट पोहतोय.” तो म्हणायचा, “कालचाच का?”

मग एका सकाळी चहा पिता पिता तो गेला. ही रडली नाही. नणंदेने गदागदा हलवलं, “अगं रड की बये, मोकळी हो!” पण कसलं काय! डोळे कोरडे ठणठणीत. लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नाही, तिला काही वाटतच नव्हतं. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की आडवी व्हायची. आपलेच हातपाय कुणीतरी उसने नेलेत आणि तेच वापरतंय, असं काहीसं.

वाचनालयाच्या खुर्च्या अर्धवट राहिल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर ती उठली, पिशवी घेतली आणि नेहमीच्या गाडीत नेहमीच्या जागी जाऊन बसली. खिडकीची जागा रिकामी. एकजण बसायला आला, तर म्हणाली, “माणूस आहे इथे.” तेवढ्यात तपासनीस आला, नेमका नवीन. तिने सवयीने नवऱ्याचा पास पुढे केला.

“पासवाले कुठायत?”

“येतायत.”

झालं! नवा गडी, त्याचं बोट नियमावर. स्टेशनं गेली तरी कोणी येईना, तेव्हा त्याने अहवाल ठोकून दिला. दुसऱ्याच्या पासवर बिनतिकीट प्रवास, वर खोटी माहिती. पाठोपाठ घरी नोटीस. खटला का भरू नये, ते समक्ष येऊन सांगा.

नणंदेचं धाबं दणाणलं. “अगं, कोर्टाची कामं तुझी, कचेऱ्यांची कामं तुझी. अंगावर केस असलेल्या बाईला तिथे दारात तरी उभं करतील का? मग खाशील काय?” म्हणत होती ते खरंच होतं. ते काम गेलं तर हातात उरत काय होतं? नणंदेने बसवून पढवलं, “सांग, मी ‘येतायत’ म्हटलंच नाही. त्या मेल्याच्या ऐकण्यात चूक झाली. कोण बघायला गेलंय!” सोबतबाई नुसतं “हूं” म्हणाली. पोटावर पाय येऊ घातला होता आणि हिला साधी भीती वाटत नव्हती.

कचेरी स्टेशनच्याच माडीवर. नणंदेला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून ती घरीच राहिली आणि ही एकटीच गेली. टेबलामागे एक पिकलेले साहेब, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी अहवाल वाचला, चष्म्यावरून पाहिलं.

“‘येतायत’ म्हणालात तुम्ही?”

पढवलेलं सगळं जिभेवर होतं. “म्हणाले,” ती म्हणाली.

“गाडीत होते का ते?”

“नाही.”

“मग खोटं का बोललात?”

“खोटं नाही हो. मी आधी चढते, जागा धरते, मग दाराशी जाऊन ह्यांना हात देते. तोवर कोणी विचारलं की ‘येतायत’ म्हणते. तोंडात बसलंय ते. तेच आलं.”

“ह्यांना म्हणजे कोणाला?”

“आमच्या ह्यांना.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, कागदावर ‘हे’ चालत नाहीत! पासधारक आत्ता कुठे आहेत, तेवढं सांगा.”

आता आली का पंचाईत! घरी सगळ्यांना नणंदेनेच सांगितलं होतं. शेजाऱ्यांना, घरमालकाला, दूधवाल्याला. हिच्यावर सांगायची वेळच आली नव्हती.

“वारले,” ती म्हणाली. “त्या गाडीच्या आधीच. चहा पिताना.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तिच्याकडून पास मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग पेन उचललं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, “फसवण्याचा हेतू दिसत नाही. समज देऊन प्रकरण बंद.” पास मात्र ठेवून घेतला. “हा आता चालायचा नाही. यापुढे तिकीट काढायचं, कळलं?”

“हो.”

खटला टळला, पोट वाचलं. नणंद असती तर साहेबांच्या पाया पडली असती. हिला तेव्हाही काही वाटलं नाही. पिशवी खांद्याला अडकवून ती जिना उतरली आणि खाली तिकिटाच्या रांगेत उभी राहिली, कारण वाचनालयाच्या खुर्च्या अजून तशाच होत्या.

तिचा नंबर आला. तिने स्टेशन सांगितलं.

“किती?” आतल्या बाईने विचारलं.

असलं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सोबतीला कोण मोजतं? ती गजाला धरून नुसती उभी राहिली.

“अहो मावशी, झोपलात का? गाडी सुटेल!” मागचा खेकसला.

“किती देऊ? बोला की पटकन!”

“एक,” ती म्हणाली, पण आवाज फुटलाच नाही.

“काय? किती?”

“एक! एकच द्या! एकटीच आहे मी!” ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की अख्खी रांग गप्प झाली.