टाचेची माती

जगात पाहण्यासारखं जे काही आहे ते गुडघ्याच्या खालीच आहे, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि त्या माझ्या बायकोच्या मावसबहीण लागतात. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. आक्का लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट आहेत. बेळगावच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं तर त्या चेहरा सर्वांत शेवटी बघतात. आधी चपला बघतात, त्या कुठल्या बाजूला झिजल्यात ते बघतात, मग "बरं हाय न्हवं?" म्हणतात. निपाणीला एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती, आम्ही सगळे हातात अक्षता धरून भटजींकडे बघत होतो, आणि आक्का बघत होत्या पहिल्या रांगेपुढे बसलेल्या एका चार वर्षांच्या मुलाकडे. तो दोन्ही पाय मागे फेंगडून बेडकासारखा बसला होता. 'शुभमंगल' व्हायच्या आत आक्का जरीचं पातळ सावरत त्याच्यापर्यंत पोचल्या. "मांडी घाल रं बाळा, न्हायतर पाय पुढं सोड," म्हणत त्यांनी त्याचे पाय सरळ केले. त्या मुलाची आई आधी भडकली. पण जेवणाच्या पंगती उठेपर्यंत हॉलच्या कोपऱ्यात आपापली पोरं घेऊन अकरा आया रांगेत उभ्या होत्या! त्या लग्नाच्या अल्बममध्ये आजही नवरा-नवरीच्या मागे, जरीच्या पातळात, रांगताना आक्का दिसतात.

या सगळ्याला मी पोट धरून हसत असे. मी वकील माणूस, कोर्टातून घरी आलो की हसायला काहीतरी लागतंच. मग आमची मनू जन्माला आली, दोन महिने आधी आली, आणि माझं हसणं हळूहळू बंद झालं. शेजारची तिच्या वयाची मुलं घरभर धावत होती तेव्हा मनू दोन्ही हात टेकल्याशिवाय बसत नव्हती. दोन वर्षांची झाल्यावर धरून उभी केली तर चवड्यांवर उभी राहायची, टाचा अधांतरी. डॉक्टरांनी सांगितलं, पायांचे स्नायू आखडलेत, व्यायाम ताबडतोब सुरू करा, पण ही किती चालेल ते आज सांगता येणार नाही. ते 'आज सांगता येणार नाही' ऐकल्यापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेना. त्याच संध्याकाळी अनगोळच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात आक्का उभ्या होत्या, दोन्ही खांद्यांना पिशव्या लटकवून, आणि आत पाऊल टाकायच्या आधी म्हणाल्या, "वकीलसाहेब, तो सोफा काढा. मला फरशी पाहिजे."

आणि आमच्या घराचं जे काही झालं ते काय सांगू! सोफा गॅलरीत गेला. पाहुण्यांची गादी गुंडाळून तिचा घोडा झाला आणि मनू त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसू लागली. प्लॅस्टिकचं स्टूल उलटं करून त्यात पाच किलो तांदळाची पिशवी ठेवली, ती झाली ढकलगाडी. माझ्या बायकोच्या टिकल्यांची पाकिटंच्या पाकिटं फ्रिजवर चिकटली, अशा उंचीवर की काढायच्या तर मनूला उभं राहून हात ताणावाच लागेल. आठवडाभर माझी बायको बिनटिकलीची ऑफिसात जात होती! मनूच्या मामांनी कौतुकानं आणलेला चाकांचा वॉकर आक्कांनी पहिल्याच दिवशी जप्त केला. "ह्यात पोरगं चालत न्हाय, तरंगतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या माळ्यावर असे जप्त केलेले सतरा-अठरा वॉकर आहेत, ते मी स्वतः मोजलेत. मुख्य म्हणजे, या सगळ्याला त्यांनी व्यायाम म्हटलंच नाही. मनूच्या लेखी तो खेळ होता, आणि आक्का त्या खेळात दिसायच्याच नाहीत. त्या नेहमी मुलाच्या पाठीमागे बसतात, कमरेला दोन बोटं लावून. मी एकदा विचारलं, तुम्ही समोर का बसत नाही? तर म्हणाल्या, "पोराला वाटलं पाहिजे की आपलं आपणच केलं. माझा हात त्याला कळला, तर माझं काम कच्चं."

आक्कांची सर्वांत मोठी लढाई मात्र मनूच्या स्नायूंशी नव्हती, माझ्या आईशी होती. आई मूळची बेळगुंदी या खेड्यातली. लेकरू रडलं की कडेवर घ्यायचं, हसलं की कडेवर घ्यायचं, आणि दोन्ही करत नसेल तर काहीतरी बिघडलंय म्हणून कडेवर घ्यायचं, ही तिची पद्धत. "मावशी, दिवसभर कडेवर असली तर पायांना काम कोण सांगणार?" आक्का म्हणायच्या. आई मान डोलवायची, आणि आक्कांची स्कूटर गल्लीच्या वळणावर गेली रे गेली की मनू कडेवर. पण आक्का पक्क्या होत्या. रोज संध्याकाळी येऊन त्या आधी मनूचे तळवे बघायच्या. तळवे स्वच्छ म्हणजे गुन्हा सिद्ध! एकदा आईनं घाबरून तुळशीच्या कुंडीतली माती मनूच्या दोन्ही पायांना व्यवस्थित फासली. मी बघत होतो. आयुष्यभर खोट्या पुराव्यांविरुद्ध भांडलेला मी, कुंडी धरून उभा होतो. आक्का आल्या, तळवे बघितले, चष्मा वर सरकवून पुन्हा बघितले, आणि मग आमच्या दोघांकडे बघितलं.

"मावशी, टाचंला माती कशी लागली? ही तर चवड्यावर उभी ऱ्हातीया."

मी आजवर इतकी छोटी आणि इतकी बिनतोड उलटतपासणी कुठल्याच कोर्टात ऐकलेली नाही. आईचा चेहरा पडला आणि ती रडायलाच लागली. "पडली तर काय करू गं आक्का? मला बघवत न्हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, आमच्या घरात पोर पहिल्यांदा आपल्या पायानं उंबरा ओलांडतंय तवा गल्लीभर करंज्या वाटत्यात, मी सगळ्यांच्या वाटल्या, हिच्या कधी वाटणार? आणि ह्या फ्लॅटला तर उंबराच न्हाय! आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, त्या एकदम थांबल्या. "उंबरा न्हाय?" त्यांनी विचारलं, आणि डोळे असे चमकले की मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी सुतार हजर! पाय उचलायला शिकायचा तर काहीतरी ओलांडायला पाहिजे, असं म्हणून त्यांनी आमच्या गुळगुळीत फरशीच्या फ्लॅटला दोन इंच उंच सागवानी उंबरठा बसवून घेतला. त्याची पहिली ठेच मला लागली, दुसरी सोसायटीच्या सेक्रेटरींना.

मग आठ महिने त्या दोन इंचांनी आमचा जीव काढला. दिवसातले काही तास मनूच्या पायांत टाच खाली टेकवून धरणारे प्लॅस्टिकचे साचे असायचे, बाकी वेळ अनवाणी. ती स्टूल ढकलू लागली, दिवाणाला धरून आडवी चालू लागली, मग हात सोडून चार पावलं. पण उंबऱ्यापाशी आली की थांबायची. एकदा तिनं पाय उचलला आणि तोंडावर आपटली, ओठ फुटला. मी ओरडलो, बास, उखडा तो उंबरा! मनूला शांत करून आक्का पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथं त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

आणि तो रविवार आला! आई दाराबाहेर जिन्यापाशी बसली होती, आणि आपले हात आपोआप पुढे जातात म्हणून तिनं ते स्वतःच पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते. मनू आजीकडे निघाली. उंबऱ्यापाशी थांबली. खाली बघितलं, आजीकडे बघितलं, डावा पाय उचलला, लटपटली, चौकट धरली, पाय पलीकडे. मग उजवा! मग चौकट सोडली आणि तीन पावलांत आजीच्या मांडीत! मी ओरडलो, बायको रडली, वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी दाढीचा फेस तसाच घेऊन खाली धावले. सगळे दाराबाहेर, मनूभोवती. मला कितीतरी वेळानं आठवलं म्हणून मी मागे वळून बघितलं. आक्का आत फरशीवरच बसल्या होत्या. जिथं मनूची कंबर होती तिथं त्यांची दोन बोटं अजून तशीच हवेत होती. त्यांना मनूची फक्त पाठ दिसली असणार. आजवर किती पाठी अशा निघून जाताना बघितल्या असतील त्यांनी, कोण जाणे.

आता मनू बालवाडीत जाते. जरा लचकत चालते, पळताना लवकर दमते, आणि व्यायाम चालूच आहेत. आक्का मात्र रोज येत नाहीत, त्यांना दुसऱ्या घरांतले सोफे काढायचे असतात. परवा सहज आल्या तेव्हा मनू खालून अंगणातून खेळून आली आणि टुणकन उंबरा ओलांडून आत शिरली. मी कौतुकानं म्हटलं, "मनू, तुला चालायला कुणी शिकवलं, सांग बघू आक्कामावशीला?"

"कुणी न्हाय," मनू म्हणाली. "माझी मीच शिकले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी सारवासारव करणार तोच आक्का एवढ्या आनंदानं हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलं न्हवं, वकीलसाहेब?" त्या म्हणाल्या. मग सवयीनं खाली वाकल्या, मनूचा पाय हातात घेऊन तळवा वर केला. आईही लगबगीनं बघायला आली. टाच काळीकुट्ट होती. आक्कांनी त्या मातीवरून अंगठा फिरवला आणि कितीतरी वेळ तो पाय सोडलाच नाही.