टोपीवाल्या उंटाचा सौदा

माझ्या बहिणीची लग्नगाठ एका उंटाने बांधली.

उंट टिनाचा होता. लाल टोपी घालून दात काढणारा, मागे पिन असलेला बिल्ला. नव्वदच्या आसपास आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीतली पोरं अशा कार्टूनच्या बिल्ल्यांपायी वेडी झालेली. नियम एकच, बदली केलेला बिल्ला परत मागायचा नाही. माझ्या उंटावर तळमजल्यावरच्या मिलिंदचा डोळा होता. त्याच्या बदल्यात तो दोन चष्मेवाले बेडूक द्यायला तयार झालेला. सोमवारी सौदा पक्का करायचा होता आणि रविवारी ताईचं लग्न.

मी नवा सदरा, छातीवर उंट, अशा थाटात मांडवात मिरवत होतो. सप्तपदीच्या वेळी ताईचा शालू आणि भावोजींचं उपरणं यांची गाठ मारली. पण उपरणं इतकं गुळगुळीत की तिसऱ्या पावलाला गाठ सुटली! मावशीने तोंडाला पदर लावला. गाठ सुटणं म्हणजे अपशकुन, झालं, पिनेसाठी धावपळ सुरू. मांडवात पिना ढीगभर होत्या, पण एकेका पिनेवर एकेकीची इभ्रत टांगलेली (देणार कोण?). शेवटी मामीची नजर माझ्या छातीवर गेली आणि मी तोंड उघडायच्या आत उंट गाठीवर जाऊन बसला. लग्नाच्या निम्म्या फोटोंत तो नवरा-नवरीपेक्षा खूष दिसतो.

गाडी डोंबिवलीला निघाली तेव्हा मला भान आलं. ही गाठ सासरचा उंबरठा ओलांडल्याशिवाय सोडायची नसते, म्हणजे उंटही निघाला सासरी! मी भोकाड पसरून गाडीमागे धावलो. बँड इतका जोरात की मी काय ओरडतोय ते कुणालाच कळेना. भावाची माया बघा म्हणत मावशी रडली, ती रडली म्हणून आई रडली. गाडी थांबवून ताई उतरली आणि मला पोटाशी धरून हुंदके द्यायला लागली.

"ताई, माझा उंट," मी म्हटलं.

ती रडता रडता हसली. "मांडवपरतणीला घेऊन येते रे राजा."

घरी आलो तर भांडायला कुणी नाही. आंघोळीला जा म्हणून कुणी ओरडेना, गणित चुकलं तर कान धरेना. मिलिंदला मी दारातूनच परत पाठवलं. ताईशिवाय मला अजिबात करमत नव्हतं, उंट गेला खड्ड्यात.

मांडवपरतणीला ताई आली ती पदराला उंट लावूनच. मी सरळ बिल्ल्यांचा डबा भावोजींपुढे ठेवला.

"सगळे घ्या. उंटसुद्धा. ताईला इथेच ठेवा."

कुणी हसलं नाही. भावोजींनी एकेक बिल्ला उलटापालटा करून बघितला आणि डबा बंद केला.

"नाही रे परवडत," ते म्हणाले. "पण दर रविवारी घेऊन येत जाईन."

माणूस शब्दाला जागला. उंट मात्र ताईने दिला नाही, वर कॉलनीचा नियम मलाच ऐकवते. अजूनही रविवारी ती येते, आणि भावोजी जेवून आमच्या सोफ्यावर संध्याकाळपर्यंत घोरतात. त्या उंटाचे दोन बेडूक मिळत होते, तेही चष्म्यासकट. ते सोडून मी हे पदरात पाडून घेतलं, आणि म्हणे कॉलनीत माझ्याइतका चलाख व्यापारी नव्हता!