थंड काचेवरचे रंग

भूत-बित मी कधी मानलं नाही, आताही मानत नाही. गोंदियातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काचसामान धुतलं. शिक्षण सातवी, बाकीचं पाहून-पाहून शिकली. तर जे झालं तेवढंच सांगते...

केशोरी गावची वनिता (नाव बदललं आहे) आमच्याकडे पीएच.डी. करून राहिली होती. दोन वर्षं खपून तिनं केळ्यासारखा मधोमध वाकलेला रेणू बनवला. त्याची पांढरी पावडर दोन काचांच्या मधात वितळवायची, मग हळूहळू थंड करायची. मधात एक वेळ अशी येते की ते ना धड पाणी, ना धड खडा — तेच लिक्विड क्रिस्टल. मायक्रोस्कोपखाली तेव्हा रंग दिसतात. एका संध्याकाळी तिला दिसले. उद्या तिच्या गाईड सरांसमोर तापवू म्हणून काच तिथंच ठेवून ती बससाठी धावली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पूजेसाठी मी सारी यंत्रं पुसली, ती काचही ॲसिटोननं धुतली. वरून कुंकू लावलं.

उरलेली पावडर तिनं सरांसमोर तीनदा तापवली. वितळे आणि सरळ गोठे, मधात रंग नाहीच. सर सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "गावाकडं शेतात, धानाच्या बांधीत दिसले असतील रंग."

ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "मावशी, मी पाह्यलं होतं वो. तुम्ही तरी सांगा ना."

मी त्या धुतलेल्या काचेचं बोलली नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं माझं.

ती गावी निघून गेली. आठ दिवसांनी, भर दुपारी, तिची शेवटची काच फेकायला घेतली. फेकण्याआधी एकदा मायक्रोस्कोपखाली पाहायची माझी सवय. हीटर बंद, काच हाताला गार... आणि खाली हिरवे-जांभळे रंग, पंख्यासारखे उघडून राहिलेले. वरची काच बोटानं दाबली तर रंग वाहले. गोठलेली पावडर वाहते कशी?

सरांना बोलावलं. वनिताचं नाव पीएच.डी.तून कमी करायचं पत्र त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. हीटरची वायर तपासली, काचेला हात लावला. मी म्हटलं, पोरगी खरं बोलत होती.

"मावशी, तापल्यावरचे रंग थंड काचेवर दिसले, हे मी कोणाला सांगू? मलाच वेडा म्हणतील."

मायक्रोस्कोपचा लाइट बंद करून ते आत गेले, पत्रावर सही केली, आणि पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिलं.

मी टाकलं. परत येऊन पाहते तर काचेवर नुसता पांढरा थर. किती शिकलेल्यांना विचारलं, उलगडा कोणीच केला नाही. वनिता आता देवरीकडे दिली आहे म्हणतात. तिचा नंबर आहे माझ्याकडे... लावला नाही.